बायकोच्या कधीमधीच्या सायकलीला स्वस्तातली चाकं: आधी मापं, मग दुकान

घरातल्या दुसऱ्या सायकलीसाठी चाकं घेताना बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी ऑनलाइन एखादी चकचकीत जोडी आवडते, ऑर्डर जाते, खोका येतो आणि मग कळतं की मागचं चाक फ्रेममध्ये शिरत नाही. शिरलंच तर जुना फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, त्यावर बसत नाही. तोही बसला तर रिमला ब्रेक रबर घासायची पट्टीच नसते. परत पाठवायची मुदत तोवर संपलेली असते. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका.

उदाहरणासाठी एक नेहमीची सायकल धरतो: अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची हायब्रिड, मागे ७ गिअर, व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे), ७००×३५चे टायर. महिन्यातून दोनदा रविवारी सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन येणं, मध्ये मिसळ, आणि बाकीचे दिवस बाल्कनीत उभी. बायकोची म्हणतोय, तुमच्या घरी ती नवऱ्याची असेल तरी पायऱ्या त्याच.

एक गोष्ट मात्र आधी डोक्यात पक्की हवी. अशी सायकल चालवून झिजत नाही, उभी राहून खराब होते. आऱ्यांना गंज चढतो, हबमधलं (चाकाच्या मधल्या गाभ्यातलं) ग्रीस सुकतं, हवा गेलेल्या टायरला बाजूने चिरा पडतात. त्यामुळे तुमच्या स्वतःच्या सायकलीसाठी लावलेले निकष, म्हणजे वजन, रिमची खोली, हबचा आवाज, इथे जवळपास निरुपयोगी आहेत.

## पायरी १: चाकं खरंच बदलायची आहेत का?

दर दोन तक्रारींतली एक तरी नवीन चाक न घेताच मिटते असं माझं मत आहे. सायकल उलटी करा आणि चाक फिरवून बघा.

चाक डावी-उजवीकडे डुलत असेल तर तो आउट आहे. तो काढता येतो. अ‍ॅक्सल (चाकाच्या मधली दांडी) हातात धरून हलवल्यावर खळखळ लागत असेल किंवा चाक खरखरत फिरत असेल, तर कोन (छर्रे जागेवर धरणारे नट) खोलून छर्रे आणि ग्रीस बदला. टायरला चिरा असतील तर टायर बदला, रिमचा त्यात दोष नाही.

चाक किंवा रिम बदलावीच लागते ती अशा वेळी:

- ब्रेक रबर घासून रिमची बाजू आत वळली असेल. स्टीलची पट्टी तिच्यावर आडवी धरा, मधे उजेड दिसला की रिम संपली. काही रिमना झीज दाखवणारी बारीक खाच असते, ती पुसली गेली असेल तरी तेच.
- निपलच्या (आरा रिमला धरणाऱ्या छोट्या नटाच्या) भोकाशी तडा गेला असेल.
- खड्ड्यात आपटून रिम एका जागी चपटी झाली असेल. हा वर-खालचा बाक आऱ्यांनी पूर्ण निघत नाही.
- आरे एकामागून एक तुटत असतील. एक तुटणं हा अपघात, तिसरा तुटला की सगळाच संच थकलेला असतो.

तपासा: पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं तपासा. भार जास्त मागच्या चाकावर येतो, त्यामुळे मागचं गेलं आणि पुढचं ठणठणीत, हे नेहमी दिसतं. तसं असेल तर फक्त मागचं घ्या. जोडी जुळलीच पाहिजे असा नियम नाही, आणि अर्धे पैसे वाचतात.

## पायरी २: तिला विचारा

वाढदिवसाला चाकांची गुपचूप भेट हा प्रकार टाळा. सायकल तिची आहे आणि तिची अडचण कदाचित चाकांत नसेलच.

‘सायकल जड जाते’ हे वाक्य हमखास येतं. कारण बहुतेक वेळा कमी हवा किंवा एमटीबीचे (माउंटन बाइकचे) खवल्यांचे टायर हे असतं. डांबरी रस्त्यावर खवल्यांच्या टायरऐवजी गुळगुळीत टायर घालून हवा नीट भरली की जो फरक पडतो, तो स्वस्त जोडी बदलून कधीच पडणार नाही. ‘बसायला त्रास होतो’ असं उत्तर आलं तर चाकांचे पैसे सीटकडे वळवा.

तीन गोष्टी नेमक्या विचारा. सायकल जिन्यावरून उचलावी लागते का? तसं असेल तर वजनाला थोडं महत्त्व द्या, पण तेही टायर-ट्यूबच्या वजनाला. गाडीच्या डिकीत घालून न्यायची आहे का? मग क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय लिव्हरने चाक काढायची सोय, हवंच. आणि हवा कोण भरणार, कशाने? या उत्तरावर व्हॉल्व्ह ठरतो.

## पायरी ३: पाच मापं कागदावर लिहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून घाई नको. सायकलीचं मॉडेल सांगून दुकानदाराला ‘याला बसेल ते द्या’ म्हणू नका. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळे हब आलेले असतात.

### ३.१ व्यास

टायरच्या कडेला दोन प्रकारचे आकडे असतात. ७००×३५ किंवा २६×१.७५ हे बोलायचे आकडे. त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात ३७-६२२ असा जोडआकडा असतो. त्यातला दुसरा, तीन अंकी आकडा मिलिमीटरमध्ये आहे: टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. फक्त त्यावर विश्वास ठेवा. जुन्या टायरवर तो धुळीखाली दडलेला असतो. ओल्या फडक्याने पुसा आणि टॉर्च तिरका धरून वाचा.

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे इंचांचा गोंधळ. एमटीबीचं दशांशातलं २६, म्हणजे २६×१.७५ वगैरे, ५५९चं असतं. बऱ्याच जुन्या लेडीज सायकलींचं २६×१ ३/८ हे ५९०चं. दोन्हींना दुकानात ‘सव्वीस’च म्हणतात, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. जुन्या काळ्या सायकलीचं २८×१ १/२ हे ६३५चं, तर एमटीबीचं २९ हे ६२२चं. म्हणजे तिथे अठ्ठावीसची रिम एकोणतीसच्या रिमपेक्षा मोठी! ७००सी आणि २९ मात्र दोन्ही ६२२च. २७.५ म्हणजे ५८४.

सावधान: रिम ब्रेकच्या सायकलीला वेगळ्या व्यासाचं चाक घालू नका. ब्रेक रबर रिमपर्यंत पोचत नाहीत, किंवा टायरला घासतात.

### ३.२ फ्रेममधली फट आणि अ‍ॅक्सल

मागचं चाक काढा आणि अ‍ॅक्सल जिथे बसतो त्या दोन खाचांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. फ्रेम ओढून-ताणून मोजू नका. हायब्रिड आणि साध्या एमटीबीला १३५ मिमी येतं, रिम ब्रेकच्या रोड बाइकला १३०, आणि जुन्या रोड सायकलींना १२६. पुढे बहुतेक ठिकाणी १०० मिमी.

मग अ‍ॅक्सलचा प्रकार लिहा: नट आवळायचे, क्विक रिलीज, की फ्रेमच्या बंद भोकातून आरपार जाणारा जाड थ्रू-अ‍ॅक्सल. हे तीन प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत असंच धरून चाला. थ्रू-अ‍ॅक्सल असेल तर त्याची जाडी आणि मागची फटही लिहा. १४२ आणि १४८ अशी दोन मापं सर्रास दिसतात.

सावधान: ‘पाच मिमीचा तर फरक आहे, फाकवून बसवू’ असं कोणी म्हणालं तर अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला हात लावू देऊ नका. स्टीलची फ्रेम जाणकार मिस्त्री थोडी उघडू शकतो. अ‍ॅल्युमिनियमला तडा जातो.

### ३.३ फ्रीव्हील की कॅसेट?

७ गिअरच्या स्वस्त सायकलींवर बहुधा फ्रीव्हील असतो. त्यात दातेरी चकत्या आणि टकटक करणारी यंत्रणा एकाच गठ्ठ्यात असते, आणि तो गठ्ठा हबच्या आट्यांवर फिरवून बसवतात. कॅसेटमध्ये नुसत्या चकत्या. टकटक हबमध्येच असते.

ओळखायची रीत सोपी आहे. चाक हातात घ्या, सगळ्यात छोट्या चकतीच्या आत पान्यासाठी खाचा दिसतील. चकत्या उलट्या दिशेने फिरवा. खाचाही चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. खाचा जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील.

फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं आणि त्याबाहेर अ‍ॅक्सल आधाराविना लांब राहतो, म्हणून दणक्याने तो वाकतो. हे वाचून कॅसेटवर उडी मारावीशी वाटेल. रविवारच्या फेरीसाठी गरज नाही. अ‍ॅक्सल आधी एकदा वाकलेला असेल, किंवा चालवणाऱ्याचं वजन बरंच जास्त असेल, तरच तो खर्च करा. ८, ९, १० गिअरच्या नेहमीच्या हबवर ७ची कॅसेट घालायची तर मागे ४.५ मिमीचा स्पेसर लागतो. तो त्याच वेळी मागून घ्या. गिअरची संख्या बदलू नका, नाहीतर शिफ्टरही (हँडलवरचा गिअरचा खटका) बदलावा लागेल.

### ३.४ ब्रेक

रिम ब्रेक असेल तर रिमच्या दोन्ही बाजूंना सपाट, घासलेली पट्टी हवी. डिस्कसाठीच्या रिमना ती नसते, वर काळा रंग असतो. डिस्क असेल तर हबवर रोटर (ब्रेकची चकती) कसा बसतो ते बघा: सहा बोल्ट की मधली एकच मोठी रिंग. जुना रोटर वापरायचा असेल तर हब त्याच प्रकारचा घ्या.

### ३.५ व्हॉल्व्ह आणि रुंदी

कधीमधीच्या सायकलीला मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह घ्या. कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला अडॅप्टर लागतो, आणि गरज पडते तेव्हाच तो सापडत नाही. जाड व्हॉल्व्हला रिमचं भोक ८.५ मिमी लागतं, प्रेस्टाला ६.५. प्रेस्टाच्या रिमचं भोक घरी ड्रिलने मोठं करण्याचा उद्योग नको.

रिमची आतली रुंदी १७ ते २१ मिमी असली की ३२ ते ४० रुंदीचे टायर निवांत बसतात.

## पायरी ४: बजेट चाकांचं नाही, सगळ्या कामाचं धरा

समजा सहा हजार ठरवले. ते सगळे चाकांवर घातले की पुढे हात आखडतो. त्याच रकमेत दोन ट्यूब, रिम टेप, कदाचित नवा फ्रीव्हील, मिस्त्रीची मजुरी आणि बऱ्याचदा चेनही बसवायची असते.

चेन आधी मोजा. तिच्या बारा पूर्ण कड्या, म्हणजे पिन ते पिन चोवीस जोड, नव्या असताना ३०४.८ मिमी भरतात. दीड मिमीपेक्षा जास्त वाढली असेल तर चेन बदला. तीन मिमीच्या पुढे गेली असेल तर जुना फ्रीव्हीलही नव्या चेनला घसरू देणार. दोन्ही बदला.

चाक मिळवायचे तीन रस्ते आहेत. तयार चाक घेणं सगळ्यात सरळ. दुसरा, जुना हब ठेवून मिस्त्रीकडून नवी रिम बांधून घेणं. हब चांगला असेल आणि मिस्त्रीच्या हाताची खात्री असेल तरच, कारण रिमच्या खोलीप्रमाणे आऱ्यांची लांबी बदलते आणि जुने आरे बहुधा चालत नाहीत. तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो: गावातल्या हौशी सायकलवाल्यांनी नवी सायकल आणताच काढून ठेवलेली कंपनीची चाकं. ती माळ्यावर नुसती पडून असतात. मात्र मापं तीच पाच जुळली पाहिजेत. स्वस्त मिळालं म्हणून १३० मिमीचं चाक १३५च्या फ्रेममध्ये नीट बसत नाही.

## पायरी ५: काय घ्यायचं, काय सोडायचं

रिम डबल वॉलची. व्हॉल्व्हच्या भोकातून डोकावलं की आत दुसरा थर दिसतो. आरे ३२ किंवा ३६, स्टेनलेस, २ मिमी जाडीचे. इथे पैसे वाचवू नका. जस्ताचा मुलामा दिलेले स्वस्त आरे मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत बाल्कनीत उभ्याउभ्याच डागाळतात. निपल पितळेचे, कारण अ‍ॅल्युमिनियमचे निपल गंजून आऱ्याला चिकटतात आणि आउट काढायला गेलं की गोल होतात. हबला धूळ-पाणी अडवणारं रबर सील असावं. छर्रे-कोनवाला हब चालेल, तो कोपऱ्यावरचा मिस्त्रीही खोलतो.

आता सोडायच्या गोष्टी. एकसंध ओतीव मॅग व्हील दिसायला रुबाबदार, पण जड असतं आणि वाकलं की सरळ करायला त्यात आरेच नसतात. खोल रिमला लांब व्हॉल्व्हच्या ट्यूब शोधत फिरावं लागतं. ट्यूबलेसचं सीलंट आपल्या उन्हाळ्यात काही महिन्यांत सुकतं. महिना-महिना न हलणाऱ्या सायकलीत ते घालणं म्हणजे पैसे रिमला चिकटवून ठेवणं. बाभळीच्या काट्यांची भीती असेल तर पंक्चररोधक पट्टी असलेला टायर घ्या.

## पायरी ६: काउंटरवर पाच मिनिटं

स्वस्त चाकं कारखान्यातून दोन दोष घेऊन येतात: आरे सैल आणि कोन जास्त आवळलेले. दोन्ही पैसे देण्याआधी कळतात.

अ‍ॅक्सलची दोन टोकं बोटांत धरून चाक उभं फिरवा. बोटांना कचकच जाणवली तर कोन घट्ट आहेत. क्विक रिलीजच्या हबमध्ये चाक बाहेर असताना किंचित, अगदी केसाएवढी ढिलाई असायला हवी. लिव्हर आवळल्यावर अ‍ॅक्सल दाबला जातो आणि ती नाहीशी होते. बाहेर असतानाच एकदम घट्ट असलेला हब सायकलीवर जाऊन आवळतो आणि छर्ऱ्यांची वाट चरते.

मग आरे. शेजारचे दोन समांतर आरे अंगठा आणि बोटांत धरून चिमटीत दाबा, आणि असंच पूर्ण चाकभर जा. मागच्या चाकाचे उजवीकडचे आरे डावीकडच्यांपेक्षा जास्त ताठ असतात, ते बरोबरच आहे. पण एकाच बाजूचा एखादा आरा लुळा आणि शेजारचा दगडासारखा, असं असेल तर चाक वरवर सरळ दिसलं तरी पहिल्या खड्ड्यात डुलायला लागेल. नखाने टिचकी मारून आवाज ऐका. एका बाजूचे सूर साधारण सारखे आले पाहिजेत.

शेवटी चाक फिरवून रिमच्या बाजूला पेनाचं टोक स्थिर धरा. एक मिमीच्या आत डुललं तर चालेल. जास्त असेल तर दुकानातच आउट काढून मागा. ते तयार नसतील तर दुसरं दुकान बघा.

तपासा: मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या आऱ्यांची लांबी बहुधा वेगळी असते. त्या-त्या लांबीचे दोन-दोन आरे निपलसकट वेगळे मागून घ्या.

## पायरी ७: बसवण्याचा क्रम

१. जुन्या चाकावरचा फ्रीव्हील आधी काढा. पेडल मारून मारून तो स्वतःच आवळत गेलेला असतो, त्यामुळे योग्य खाचांचा पाना आणि लांब दांडा लागतो. सावधान: आरे कापून जुनी रिम वेगळी करण्याआधीच हे करा. रिम गेली की हब धरायला काहीच उरत नाही, आणि फ्रीव्हील कायमचा अडकतो.

२. नव्या हबच्या आट्यांना ग्रीस लावा आणि फ्रीव्हील आधी हातानेच फिरवा. अडला तर मागे घ्या. तिरका आवळला की अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या कायमच्या जातात.

३. रिम टेप बसवा. निपलची सगळी भोकं झाकली गेली पाहिजेत. टेप अरुंद असेल तर भोकाची कड ट्यूब आतून कापते, आणि लोक महिनाभर टायरमध्ये काटा शोधत बसतात.

४. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला ठेवा. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून आत घाला. शेवटचा भाग हातानेच चढवा, स्क्रूड्रायव्हरने नाही.

५. निम्मी हवा भरून चाक फिरवा. टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की उरलेली हवा भरा. ५५-६० किलोच्या व्यक्तीला ३५च्या टायरमध्ये ४५ पीएसआयपासून सुरुवात करा, मागे थोडी जास्त. टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. पेट्रोल पंपावर भरत असाल तर थोडी थोडी भरा, ट्यूब छोटी असते आणि झटक्यात फुटते.

६. चाक फ्रेममध्ये पूर्ण आत बसवून क्विक रिलीज लावा. स्प्रिंगांची निमुळती बाजू आत. लिव्हर अर्ध्यावर आल्यापासून जोर लागायला हवा आणि बंद करताना तळहातावर वळ उमटायला हवा. बोल्टसारखा गोल गोल फिरवून आवळला तर ते बंद झालेलं नाही.

७. चाक फ्रेमच्या मधोमध आहे का बघा. एका बाजूला असेल तर चाक काढून उलटं घालून पाहा. ते आता दुसऱ्या बाजूला कललं तर दोष चाकात, त्याच बाजूला राहिलं तर फ्रेममध्ये.

८. ब्रेक. रबर पट्टीवर पूर्ण बसलं पाहिजे आणि टायरला कुठेच लागता कामा नये. डिस्क ब्रेकवर कॅलिपरचे (रोटरला चिमटीत धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि तसंच दाबलेलं असताना आवळा. केबलवाल्या डिस्कला बहुधा एकच पॅड हलतं, दुसरं वेगळं जवळ आणावं लागतं.

९. गिअर. ही पायरी लोक हमखास विसरतात. नव्या हबवर चकत्या जुन्यापेक्षा मिलिमीटरभर आत-बाहेर असू शकतात. चाक हवेत ठेवून हळूहळू सगळ्यात मोठ्या चकतीवर जा. चेन तिच्या पलीकडे आऱ्यांकडे सरकत असेल तर डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) लो मर्यादेचा स्क्रू आवळा. हे न बघता चढावर गिअर टाकला तर चेन आऱ्यांत जाते आणि नवं चाक, डिरेलर दोन्ही एका क्षणात संपतात.

## पायरी ८: पहिल्या दोन-तीन फेऱ्या

पहिली फेरी गल्लीतच घ्या, आणि ती तुम्ही घ्या. सुरुवातीला आऱ्यांतून ‘टिंग टिंग’ आवाज येईल. पिळ बसलेले आरे मोकळे होत असतात, घाबरायचं कारण नाही. आवाज थांबला की आऱ्यांची चिमटी-तपासणी पुन्हा करा. साधारण पन्नास किलोमीटरनंतर एकदा आउट काढून घ्या. मिस्त्रीकडे फारच थोडं काम असतं, पण ते टाळलं तर सैल आरे एकेक करून तुटतात.

सायकल उभी राहणार असेल तर महिन्यातून एकदा हवा भरा, नाहीतर दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून टांगा. पावसाळ्याआधी आऱ्यांवरून तेलाचं फडकं फिरवा, पण रिमची ब्रेकची पट्टी किंवा रोटर यांना तेलाचा थेंबही लागू देऊ नका. लागलाच तर स्पिरिटने पुसा.

जास्तीचे आरे चिकटपट्टीने चेनजवळच्या खालच्या नळीला बांधून ठेवा आणि पट्टीवर ‘उजवा’, ‘डावा’, ‘पुढचा’ असं लिहा. जुना हब फिरत असेल तर भंगारात घालू नका. कोन, छर्रे आणि क्विक रिलीजची दांडी पुढे उपयोगी पडतात.